आईचं बोट धरून आलेली मुलगी: मृत्युपत्र नसताना सावत्र नात्यांत वारसा कसा जातो

‘सावत्र’ हा आपला शब्द भलताच ढिला आहे. बापाची दुसरी बायको सावत्र, आईचा दुसरा नवरा सावत्र. बाप एक पण आई वेगळी असलेला भाऊ सावत्र, आई एक पण बाप वेगळा असलेली बहीणही सावत्र. आणि रक्ताचा काडीचाही संबंध नसलेली, फक्त आईवडिलांच्या लग्नामुळे एका घरात वाढलेली दोन पोरं, तीही सावत्रच. घरात यानं काही बिघडत नाही. माणूस गेल्यावर वारसांचं प्रतिज्ञापत्र करायला बसलं की मात्र ही पाच नाती पाच वेगळ्या जागी जाऊन बसतात, आणि त्यातल्या काहींना बसायला जागाच नसते.

एक घर समोर ठेवू. नावं मनची आहेत, पण अशी घरं तुमच्याही माहितीत असतील. वसंतरावांची पहिली बायको वारली तेव्हा सुनील आणि मंगल लहान होते. पुढे त्यांनी शालिनीशी लग्न केलं. शालिनीही विधवा, आणि पहिल्या नवऱ्यापासूनची तिची मुलगी प्राजक्ता तिचं बोट धरून या घरात आली. मग वसंतराव आणि शालिनीला अमोल झाला. चौघं एकाच घरात वाढली. शाळेच्या दाखल्यावर प्राजक्तानंही वसंतरावांचंच नाव आणि आडनाव लावलं. वसंतरावांनी स्वतःच्या पैशानं घर बांधलं आणि मृत्युपत्र न करताच ते गेले.

आता कायदा बघू. हिंदूंना (यात बौद्ध, जैन आणि शीखही आले) 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर कलम 8 प्रमाणे आधी वर्ग एकचे वारस बघायचे. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई ही त्यातली मुख्य नावं. आधीच वारलेल्या मुलामुलींची मुलं आणि मयत मुलाची विधवा यांचीही नावं त्यात येतात. यातला एकही वारस हयात असेल तर मालमत्ता वर्ग दोनकडे जातच नाही. जाता जाता सांगतो, आई वर्ग एकमध्ये आहे, पण वडील नाहीत. ते वर्ग दोनमध्ये पहिले आहेत. मुलगा गेला आणि म्हातारे आईवडील दोघं मागे राहिले तर आईचा हिस्सा लागतो, बापाचा नाही. बहुतेक लोकांना हे सांगितल्यावर खोटं वाटतं.

वसंतरावांची आई हयात नाही असं धरलं तर वारस चार: शालिनी, सुनील, मंगल, अमोल. प्रत्येकाला एकेक चतुर्थांश. सुनील आणि मंगल पहिल्या बायकोचे म्हणून त्यांचा हिस्सा कमी होत नाही, अमोल दुसरीचा म्हणून वाढत नाही. मंगलचं लग्न झालंय की नाही, हे कायदा विचारत नाही. आई हयात असती तर पाच वाटे पडले असते.

प्राजक्ता कुठे आहे? कुठेच नाही. ती वसंतरावांची मुलगी नाही, पत्नीची मुलगी आहे. वीस वर्षं त्यांना बाबा म्हटलं, आजारपणात तिनंच उशाशी रात्री काढल्या, तरी कलम 8 ला ते दिसत नाही. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, आधारवरचं आडनाव यांतलं काहीही तिला वारस करत नाही. कायद्याला मूल दोनच तऱ्हांनी कळतं, पोटचं किंवा रीतसर दत्तक घेतलेलं.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं सहसा नसतं. काही वर्षांनी शालिनी वारली, मृत्युपत्र तिचंही नाही. घरातला तिचा चतुर्थांश आता कुणाचा?

बाईच्या मालमत्तेची रांग वेगळी आहे, कलम 15 ची. पहिल्या क्रमांकावर तिची मुलं, मुली आणि नवरा. दुसऱ्या क्रमांकावर नवऱ्याचे वारस. तिसऱ्यावर तिचे आईवडील, चौथ्यावर वडिलांचे वारस, पाचव्यावर आईचे वारस. आणि कलम 14 प्रमाणे नवऱ्याकडून आलेला हिस्सा तिचा पूर्ण मालकीचा असतो. ती तो पुढच्या कुणासाठी सांभाळत बसलेली नसते. तेव्हा शालिनीचा चतुर्थांश तिच्या मुलांकडे जाणार. तिची मुलं कोण? अमोल आणि प्राजक्ता. कुठल्या नवऱ्यापासूनची हा प्रश्न इथे येत नाही, कारण दोघंही तिच्या पोटची. दोघांना निम्मं निम्मं.

सुनील आणि मंगलला यातलं काही नाही. सावत्र मुलगा हा सावत्र आईचा ‘मुलगा’ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1987 साली स्पष्ट केलंय. तो तिच्या नवऱ्याचा वारस आहे, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर उभा आहे. पहिल्या क्रमांकावर तिचं पोटचं मूल असेपर्यंत त्याची पाळी येत नाही.

हिशेब मांडून बघा. घराचे आठ भाग धरले तर सुनीलकडे 2, मंगलकडे 2, अमोलकडे 3 आणि जिला वसंतरावांकडून थेट काहीच मिळालं नव्हतं त्या प्राजक्ताकडे 1. सुनील म्हणणार, “आमच्या बापानं बांधलेल्या घरात हिचा हिस्सा कसा?” उत्तर असं की हा हिस्सा त्याच्या बापाकडून आलेलाच नाही, प्राजक्ताच्या आईकडून आलाय. वारसा एका माणसाकडून त्याच्या सगळ्या नातेवाइकांना एकदम वाटला जात नाही. जो गेला त्याची रांग वेगळी लावायची, हिस्से पाडायचे, मग पुढचा गेला की त्याची. म्हणून असं प्रकरण हातात घेतलं की मी आधी वंशावळ काढत नाही. मृत्यूचे दाखले तारखेप्रमाणे एकाखाली एक लावतो.

तारखा उलट्या करून बघा म्हणजे कळेल. समजा शालिनी आधी गेली, आणि तिच्या स्वतःच्या कमाईचा एक फ्लॅट तिच्या नावावर होता. तिचे वारस वसंतराव, अमोल आणि प्राजक्ता, तिघांना एकेक तृतीयांश. पुढे वसंतराव गेले की त्यांचा तृतीयांश सुनील, मंगल आणि अमोल यांच्यात तीन ठिकाणी वाटला जाणार. म्हणजे सावत्र आईच्या फ्लॅटमध्ये सुनील आणि मंगलचा एकेक नववा हिस्सा निघाला. मघाशी जो प्रश्न सुनील विचारत होता तोच आता प्राजक्ता विचारेल, आणि उत्तरही तेच. वसंतरावांच्या घरात मात्र आता प्राजक्ताला काहीही नाही. तिथे पोचायचा तिचा एकमेव रस्ता आईतून जात होता, आणि आई आधी गेली.

मग दोघं एकाच अपघातात गेले तर? कायद्यानं याचाही विचार करून ठेवलाय. आधी कोण गेलं हे कळायला मार्ग नसेल तर कलम 21 प्रमाणे वयानं लहान असलेली व्यक्ती मोठीनंतर वारली असं धरायचं. वसंतराव 60 चे आणि शालिनी 48 ची असेल तर शालिनी मागून गेली असं धरलं जाईल, आणि प्राजक्ताला आठवा हिस्सा मिळेल. शालिनी वयानं मोठी असती तर मिळाला नसता. याविरुद्ध पुरावा असेल, म्हणजे एकजण जागीच गेला आणि दुसरा दवाखान्यात चार तासांनी, तर तो पुरावाच चालतो. अशा प्रकरणात मृत्यूच्या दाखल्यावर तारखेशेजारी वेळ लिहिलेली असणं किती मोलाचं असतं ते तेव्हा कळतं.

आता सावत्र बाप आणि सावत्र आई यांच्यातला फरक. हा भाग मला स्वतःला फार विचित्र वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

सावत्र आई मूल नसलेली असेल आणि नवऱ्यामागून वारली तर पहिला क्रमांक रिकामा राहतो. दुसऱ्यावर नवऱ्याचे वारस, म्हणजे तिची सावत्र मुलं. सगळी मालमत्ता त्यांना. तिनं आयुष्यभर नोकरी करून जमवलेलं असलं तरी. तिची स्वतःची आई जिवंत असली तरी, कारण आई तिसऱ्या क्रमांकावर आहे. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच गोष्ट आली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेली बाई माहेरी राहिली, शिकली, कमावती झाली आणि मृत्युपत्र न करता वारली. तिची कमाई तिच्या आईकडे नव्हे, नवऱ्याकडच्या वारसांकडे गेली. न्यायालयानं सरळ म्हटलं, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. यात एक अपवाद आहे. बाईला आईवडिलांकडून वारशानं मिळालेली मालमत्ता, तिला मूल नसेल तर, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण ती वारशानं आलेली हवी. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्रानं दिली असेल तर हा अपवाद लागत नाही.

सावत्र बापाचं बघा. वसंतरावांना स्वतःचं मूलच नाही, फक्त शालिनी आणि प्राजक्ता आहेत, असं समजा. वसंतराव आधी गेले तर सगळं शालिनीला आणि तिच्यामागून सगळं प्राजक्ताला. पण शालिनी वसंतरावांच्या एक दिवस आधी गेली, तर वर्ग एक रिकामा. मग वर्ग दोन: वडील, नंतर भाऊबहिणी, नंतर पुतणे-भाचे, असं करत चुलते, आत्या, मामा, मावशीपर्यंत. तेही कुणी नसतील तर दूरचे भाऊबंद आणि इतर रक्ताचे नातेवाईक. आणि कुणीच सापडलं नाही तर कलम 29 प्रमाणे मालमत्ता सरकारजमा. या सगळ्या रांगेत प्राजक्ता कुठेही येत नाही. सरकार येतं, ती येत नाही.

उलट दिशेनं, म्हणजे सावत्र मूल आधी गेलं तर? सुनील अविवाहित आणि मृत्युपत्राशिवाय वारला. वर्ग एकमधली ‘आई’ म्हणजे जन्मदाती किंवा दत्तक घेणारी. शालिनी त्यात बसत नाही. तिचं नाव आहे, पण वर्ग दोनच्या सहाव्या नोंदीत, ‘वडिलांची विधवा’ म्हणून. वडील, भाऊबहिणी, पुतणे-भाचे, आजोबा-आजी यांतलं कुणीच नसेल तेव्हा तिची पाळी. आता सुनीलऐवजी मंगल अविवाहित वारली असं धरा. मंगल बाई, म्हणून रांग कलम 15 ची. मुलं नाहीत, नवरा नाही, आईवडील वारलेले. मग वडिलांचे वारस. ते ठरवताना वसंतराव जणू मंगलनंतर लगेच वारले असं धरायचं असतं. तसं धरलं की शालिनी त्यांची विधवा म्हणून वर्ग एकमध्ये येते आणि सुनील, अमोल यांच्या बरोबरीनं हिस्सा घेते. एकाच बाईला सावत्र मुलाकडून जवळपास काही नाही आणि सावत्र मुलीकडून भावांइतका हिस्सा. हे मुद्दाम ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. दोन वेगळ्या रांगा आखल्या आणि त्या कुठे जाऊन छेदतात ते तपासायचं राहून गेलं, असं मात्र वाटतं.

सावत्र बापाला सावत्र मुलाच्या वारशात कुठलीही नोंद नाही. त्याला काही मिळालंच तर बायकोतून: मुलगा गेला, आईला मिळालं, मग आई गेली तेव्हा तिचा नवरा म्हणून.

भावाबहिणींचं थोडक्यात. बाप एक, आई वेगळी, हे नातं वर्ग दोनमधल्या ‘भाऊ-बहीण’ या नोंदीत धरलं जातं, पण सख्खा भाऊ असेल तर सावत्र भाऊ मागे पडतो (कलम 18). आई एक, बाप वेगळा, हे नातं वर्ग दोनमधून स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. अमोल उद्या मागे कुणी नसताना वारला, तर एकाच पोटातून आलेली प्राजक्ता त्या नोंदीपुरती त्याची बहीण नाही. ‘सहोदर’ या शब्दाचा अर्थच एका उदरातले असा आहे, आणि कायद्यानं नेमके तेच बाजूला काढले. मुस्लिम कायद्यात याच्या उलट आहे. हनफी पद्धतीत आईकडून असलेल्या भावाबहिणीला ठरलेला हिस्सा आहे: मयताला मूल, वडील वगैरे नसतील तर एकट्याला सहावा आणि एकाहून जास्त असतील तर सगळ्यांत मिळून तिसरा. सावत्र आईबाप आणि सावत्र मुलं यांना मात्र तिथेही एकमेकांचा वारसा नाही. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. विधवेला तिसरा हिस्सा, उरलेले दोन तृतीयांश मयताच्या वंशजांना. वंशज म्हणजे स्वतःचे. अनुसूचित जमातींना 1956 चा कायदा आपोआप लागू होत नाही, तिथे त्या जमातीची रूढी बघावी लागते.

वडिलोपार्जित जमीन असेल तर आधी एक पायरी वाढते. वसंतराव वारले त्याच्या आदल्या क्षणी वाटप झालं असतं तर काय, हे काल्पनिक वाटप आधी मांडायचं. 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीही जन्मानं हिस्सेदार आहेत, आणि असं वाटप मांडताना आपल्याकडे पत्नीचाही हिस्सा धरतात. म्हणजे वसंतराव, शालिनी, सुनील, मंगल, अमोल असे पाच वाटे. मग वसंतरावांचा पाचवा हिस्सा वरच्या चौघांत. प्राजक्ता या कुळात जन्मलेली नाही, त्यामुळे इथे ती थेट येत नाही. आईच्या मागून आईच्या हिश्श्यात येते, तेवढंच.

आता गावाकडे सगळ्यात जास्त भांडणं ज्यावर होतात ती गोष्ट. वरचं सगळं गणित शालिनी ही वसंतरावांची कायदेशीर पत्नी आहे असं धरून केलंय. पहिली बायको जिवंत आहे, घटस्फोट झालेला नाही, आणि दुसरी ‘केली’ असेल तर? 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न मुळातच रद्दबातल. ती बाई पंचवीस वर्षं त्या घरात राबली असली तरी ‘विधवा’ म्हणून तिला वारसा नाही. पहिली माहेरी जाऊन वीस वर्षं झाली असली तरी विधवा तीच. कागदावर सोडचिठ्ठी लिहून घेतली म्हणून भागत नाही. त्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

त्या दुसऱ्या लग्नाची मुलं मात्र याच विवाह कायद्याच्या कलम 16 प्रमाणे औरस मानली जातात आणि आईबापाच्या मालमत्तेत त्यांना हक्क आहे. वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल बरीच वर्षं घोळ होता. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो मिटवला: ही मुलं जन्मानं हिस्सेदार होत नाहीत, पण काल्पनिक वाटपात बापाच्या वाट्याला जे येईल त्यात ती इतर मुलांच्या बरोबरीनं वारस आहेत.

घटस्फोटाचंही असंच उलटसुलट समजलं जातं. घटस्फोट झालेली बायको वारस नाही, पण तिच्याबरोबर गेलेली मुलं पूर्ण वारस आहेत. “ती पोरं तिकडे वाढली, त्यांचा इथे काय संबंध” या वाक्याला कायद्यात काहीही अर्थ नाही. तसंच, विधवेनं नंतर लग्न केलं म्हणून पहिल्या नवऱ्याकडून तिला मिळालेला हिस्सा काढून घेता येत नाही. शालिनीला पहिल्या नवऱ्याच्या जमिनीत जे मिळालं असेल ते वसंतरावांशी लग्न केल्यावरही तिचंच. आणि प्राजक्ताचा तिच्या जन्मदात्या बापाच्या मालमत्तेतला हिस्सा? तो तर ठाम आहे. आई दुसऱ्या घरी गेली म्हणून मुलीचं वारसपण जात नाही. नव्या घरात हिस्सा आहे का याची चौकशी करत आलेल्या माणसाला मी आधी हे विचारतो, जुन्या घरातला सातबारा बघितलात का? बऱ्याचदा कुणीच बघितलेला नसतो, आणि तिथे चुलत्यांनी परस्पर नावं लावून घेतलेली असतात.

मुलं अज्ञान असतील तर आणखी एक खुंटी. 1956 च्या पालकत्वाच्या कायद्यात आईबाप हे नैसर्गिक पालक आहेत, पण त्यात सावत्र आई आणि सावत्र बाप धरायचे नाहीत असं मुद्दाम लिहिलंय. वसंतराव गेले तेव्हा सुनील 12 वर्षांचा असेल तर त्याच्या हिश्श्याचा व्यवहार शालिनी त्याची पालक म्हणून करू शकत नाही. जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. हा टप्पा गाळून झालेली खरेदीखतं सुनील मोठा झाल्यावर कोर्टात जातात.

सगळ्यात गंमत, म्हणायचं तर, पोटगीच्या कायद्यात आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात ‘आईवडील’ या शब्दात सावत्र आई आणि सावत्र बाप दोघंही स्पष्ट धरलेत. मूल नसलेल्या सावत्र आईला सांभाळायची जबाबदारी तर 1956 च्या दत्तक व पोटगी कायद्यातही आहे. म्हणजे जेवू घालायच्या वेळी ती आई आहे, वारशाच्या वेळी सहाव्या नोंदीतली वडिलांची विधवा.

मग प्राजक्तासारख्या मुलीसाठी काय करता येतं? दत्तक घेणं लोकांना सोपं वाटतं, पण 1956 च्या दत्तक कायद्यानं वसंतरावांना तिला दत्तक घेताच येत नाही. मुलगी हयात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि मंगल आहे. शिवाय मूल साधारणपणे 15 वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं, आणि पुरुष मुलगी दत्तक घेत असेल तर दोघांच्या वयात किमान 21 वर्षांचं अंतर. 2015 च्या बाल न्याय कायद्याखालच्या दत्तक नियमावलीत सावत्र पालकांसाठी वेगळी तरतूद आहे, ती वाट बघता येते. पण एक लक्षात घ्या. दत्तक गेलं की जन्मदात्या कुळातले पुढचे वारसा हक्क संपतात. आधीच मिळालेली मालमत्ता तेवढी राहते. जुन्या घरी आजोबांची जमीन असेल तर हिशेब करूनच पाऊल टाकावं.

नॉमिनी लावला म्हणजे झालं, हा गैरसमज तर शिकलेल्यांतही आहे. बँकेतली ठेव, शेअर किंवा सोसायटीतला फ्लॅट यांचा नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीनं ताबा घेणारा माणूस. मालक वारसच. शेअरच्या बाबतीत तर डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा सांगितलं. 2015 नंतर आयुर्विम्यात पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर त्यांना ती रक्कम स्वतःच्या हक्कानं मिळते, पण सावत्र मुलीसाठी त्यावर विसंबू नये.

उरलं मृत्युपत्र. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही होताना हजर असलेले दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. सावत्र नात्यांच्या घरात मृत्युपत्राची भाषा जरा जपून लिहावी. ‘माझ्या सर्व मुलांना समान’ असं लिहिलं की प्राजक्ता ‘माझ्या मुलां’मध्ये आहे का यावर दोन वकिलांची दहा वर्षं जातात. ‘माझी पत्नी शालिनी हिची पहिल्या विवाहापासूनची मुलगी प्राजक्ता’ असं पूर्ण लिहावं. बायको घराबाहेर पडू नये आणि घर शेवटी पहिल्या मुलांनाही मिळावं अशी इच्छा असेल तर बायकोला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि मालकी मुलांना, अशी वाटणी लिहून ठेवता येते. तेव्हा तिच्या हातात फक्त राहण्याचा हक्क असतो, तो तिच्यामागून कुणाकडे जात नाही.

मृत्युपत्र नसेल तर शेवटी तलाठ्याकडे वारस नोंद. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि प्रतिज्ञापत्र. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं: ‘मयतास आमच्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाहीत.’ सावत्र घरातले बहुतेक दावे या एका ओळीतून जन्म घेतात, कारण ती टंकलेखकानं आधीच छापून ठेवलेली असते आणि सही करणारा ती वाचत नाही. पहिल्या बायकोची मुलगी लांब दिली म्हणून तिचं नाव राहतं, किंवा शालिनी गेल्यावरच्या दुसऱ्या अर्जात सवयीनं सुनील, मंगल, अमोल अशी जुनीच नावं उतरतात आणि प्राजक्ता सुटते. बँकेतल्या ठेवींसाठी वारसा प्रमाणपत्र आणि इतर कामांसाठी 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा वारस दाखला (होय, एवढा जुना कायदा आपल्याकडे अजून चालतो) कोर्टातून घेताना हीच काळजी.

नाव राहिलं असेल तर फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीला मुदत असते, 15 दिवसांची. हरकत तोंडी नको. अर्ज लेखी द्यायचा, सोबत आपल्या जन्माचा दाखला आणि ज्याच्याकडून हिस्सा मागतोय त्याच्या मृत्यूचा दाखला जोडायचा, आणि पोच घ्यायची. मग ते प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. मुदत उलटून गेली तरी हातपाय गाळायचं कारण नाही. फेरफारानं मालकी ठरत नाही, ती नोंद महसुलापुरती असते. हिस्सा दिवाणी न्यायालयात मागता येतो. तिथेही वकील पहिल्यांदा मागेल ते मृत्यूचे दाखलेच, तारखेप्रमाणे लावलेले.